खूण उमटवणारे आणि खूण पुसणारे

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



मराठीच्या अध्यापकाने रक्तातील विकरांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पत्रिकेत विषय छापून आल्यावर दोघा-तिघा स्नेह्यांनी तसे बोलूनही दाखवले. त्यांना मी एवढेच म्हणालो की, हा विषय वैद्यकाचा आहे तसा भाषेचाही आहे. सीमाभागातल्या आपल्या घरांत कथा, कीर्तन, भांडण आणि आशीर्वाद मराठीत होतात. परंतु डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेला माणूस हातातल्या कागदावरचे शब्द कोणत्याच भाषेत नीट वाचू शकत नाही. इंग्रजी अक्षरे लागतात, अर्थ लागत नाही. बाजारापुरती कन्नड येते, तिच्यातली वैद्यकीय परिभाषा येत नाही. आणि मराठीतून हे कोणी सांगितलेले नसते. तेव्हा ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवातली निदान एक संध्याकाळ त्या कागदावरच्या एका ओळीसाठी खर्च करावी, असे मी ठरवले. ती ओळ म्हणजे 'प्लेटलेट काउंट'.

पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ येते आणि बेळगाव-निपाणीच्या दवाखान्यांतून हा आकडा तोंडोतोंडी फिरू लागतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात तो साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतो. साथीत तो पन्नास हजारांवर उतरला की नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. कोणी पपईच्या पानांचा रस काढतो, कोणी बाहेरगावाहून महागडी फळे मागवतो. रक्तस्राव होत नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बाहेरून प्लेटलेट भरण्याची बहुधा गरज पडत नाही, असा वैद्यकाचा आजचा संकेत आहे; पण घाबरलेल्या घरात संकेत कोण ऐकतो? माझा मुद्दा निराळा आहे. किती आहेत हे सगळे विचारतात. त्या काम कसे करतात, आणि मुळात करतात का, हे सहसा कोणी विचारत नाही. आकडा पूर्ण असूनही ज्यांचे रक्त थांबत नाही अशी माणसे आहेत. आपल्या भागाशी त्यांचा काय संबंध आहे, ते पुढे सांगेन.

आधी शब्दाचा प्रश्न मिटवू. प्लेटलेटला मराठी विश्वकोशाने 'बिंबाणू' म्हटले, शालेय पुस्तकांतून 'रक्तबिंबिका' आणि 'रक्तपट्टिका' असे शब्द आले. मी 'बिंबाणू' घेतो. सूर्यबिंबातले बिंब त्यात आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसते तेही चकतीसारखेच. शिवाय त्याचे अनेकवचन करताना जीभ अडखळत नाही. दुसरा शब्द त्याहून जुना आणि घरगुती. रक्त 'साकळते', असे आपण म्हणतो. काही जण 'साखळते' असे लिहितात. व्युत्पत्तीच्या वादात मी आज शिरत नाही. पण दुसऱ्या रूपात साखळी ऐकू येते, आणि रक्तात प्रत्यक्ष घडते तेही कडीत कडी अडकवण्यासारखेच आहे.

हे बिंबाणू प्रथम नीट ओळखले ते इटलीतील तुरीनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी, १८८२ साली. त्यापूर्वी काहींनी ते पाहिले होते, पण फुटलेल्या पेशींचा कचरा म्हणून बाजूला टाकले होते. बिझोझेरोंनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, वाहिनीला इजा केली, आणि त्या जागी पहिल्यांदा येऊन चिकटतात ते हेच बारके कण, असे डोळ्यांनी पाहिले. अस्थिमज्जेतल्या प्रचंड पेशींचे तुकडे पडून ते तयार होतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस, आणि पोटात केंद्रक नाही. केंद्रक नाही म्हणजे नवे सामान घडवण्याचा मूळ आराखडा जवळ नाही. जन्मताना जे बरोबर आणले त्यावरच जवळजवळ सारा संसार.

भाजी चिरताना बोट कापले, की वाहिनीच्या अस्तराखालचा कोलॅजेन नावाचा तंतुमय पदार्थ उघडा पडतो. वाहते बिंबाणू तेथे अडकतात, आकार बदलतात, हातपाय काढल्यासारखे पसरतात आणि आपल्या पोटातली रसायने बाहेर टाकून शेजाऱ्यांना हाक देतात. प्रत्येक बिंबाणूच्या अंगावर एका विशिष्ट ग्राही प्रथिनाचे सुमारे ८० हजार नग असतात. इंटिग्रिन हे त्याचे कुलनाम. एरवी हे ग्राही मिटलेल्या मुठीसारखे असते. हाक पोचली की मूठ उघडते आणि रक्तद्रवातले फायब्रिनोजेन पकडते. फायब्रिनोजेनला दोन टोके असतात. एक टोक एका बिंबाणूने धरायचे, दुसरे दुसऱ्याने. असा पुंजका बांधला जातो. त्यावर नंतर फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे पडते आणि रक्त साकळते. आज मी बोलणार आहे ते जाळ्याविषयी नव्हे, त्याआधीच्या पुंजक्याविषयी.

हा पुंजका मोजता कसा यावा? बिंबाणू तरंगत असलेला रक्तद्रव गढूळ दिसतो. पुंजके बांधले की तो निवळू लागतो आणि त्यातून अधिक प्रकाश आरपार जातो. ताकातले लोणी गोळा झाल्यावर खालचे पाणी निवळते, तसेच काहीसे. एवढ्या साध्या निरीक्षणावर गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ साली एक उपकरण उभे केले, आणि त्याच तत्त्वावर आजही मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते. कर्नाटकातल्या श्रोत्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, गुस्ताव यांचे वडील मॅक्स बॉर्न, म्हणजे नोबेल पारितोषिक मिळवणारे पदार्थशास्त्रज्ञ, नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागल्यानंतर १९३५-३६ मध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिले होते.

आता मुख्य विषय. बाहेर हाक आली हे बिंबाणूच्या आतल्या यंत्रणेला कळते कसे? पेशींच्या जगात निरोपाची एक फार जुनी पद्धत आहे. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवायचा. कपाळावर टिळा लावावा तशी ती खूण. खूण उमटली की प्रथिनाचे रूप बदलते, कधी ते कामाला लागते, कधी थांबते. ही खूण उमटवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात आणि ती पुसणाऱ्यांना फॉस्फेटेज. पाटीवर लिहिणारा हात आणि पाटी पुसणारा हात, असे समजा. शाळेत आपण कौतुक अक्षराचे करतो. पण पाटी पुसली नाही तर दुसरे अक्षर लिहायचे कोठे?

विज्ञानाच्या इतिहासातही पुसणाऱ्याची अशीच उपेक्षा झाली. गंमत अशी, की पुसणारा आधी हाती लागला होता. अमेरिकेत सेंट लुईस येथे कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४०च्या दशकात स्नायूंमध्ये एक विकर सापडले. ते दुसऱ्या एका विकरावरचे काहीतरी काढून टाकते आणि त्याचे रूप पालटते, हे त्यांनी ओळखले. काढले जाते ते काय, याचा मात्र उलगडा झाला नाही. पुढे १९५५ साली सिएटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी फॉस्फेटची खूण उमटवण्याची क्रिया दाखवली, आणि मग ध्यानात आले की कोरी पतिपत्नींचे ते विकर ही खूण पुसणारे होते. फिशर-क्रेब्ज यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले. तोवर बहुतेक प्रयोगशाळा कायनेजांच्या मागे लागल्या होत्या. कायनेज म्हणजे चालक आणि फॉस्फेटेज म्हणजे त्याच्या मागून झाडलोट करणारा, अशी समजूत रूढ झाली. बिंबाणूंच्या बाबतीत ती टिकली नाही. कशी ते पाहण्यासारखे आहे, कारण तिला तडा गेला तो विषांमुळे.

एखाद्या विकराचे काम काय, हे पाहण्याचा जुना उपाय म्हणजे ते बंद पाडून पाहणे. फॉस्फेटेज बंद पाडणारी विषे निसर्गात आयती आहेत. जपानच्या समुद्रातील एका स्पंजावरून नाव मिळालेले ओकाडाइक आम्ल हे त्यातले प्रसिद्ध. दुसरे तर आपल्या शिवारातले. बाजरीच्या कणसांवर येणारे भुंगेरे, ज्यांना शेतकरी 'हिंगे' म्हणतात, त्यांच्या जातकुळीतले कीटक अंगाला चिरडले तर कातडीवर फोड येतात. त्या फोड आणणाऱ्या द्रव्याला कँथरिडिन म्हणतात. माणसाला ते हजारो वर्षे माहीत आहे. पण ते शरीरात जाऊन नेमके कोणाला पकडते, हे १९९२ मध्ये कळले. ते पकडते फॉस्फेटेज वर्गातल्या एका प्रमुख विकराला, ज्याचे प्रयोगशाळेतले नाव पीपी-टू-ए. बाजरीच्या रानात फोड घेऊन घरी आलेल्या बाईच्या कातडीवर त्या दिवशी एक फॉस्फेटेज बंद पडलेले असते.

अशी विषे बिंबाणूंवर घालून पाहिल्यावर उत्तरे एकमेकांना काटणारी आली. ओकाडाइक आम्ल घातले तर थ्रॉम्बिनची हाक येऊनही बिंबाणू नीट एकत्र येईनात. म्हणजे पुसणारा हात बांधला, तर पुंजकाच थांबला. उलट, व्हॅनॅडियम धातूचे परव्हॅनॅडेट नावाचे संयुग घातले, तर कोणतीही हाक नसताना बिंबाणू आपोआप चिकटू लागले. आणि परव्हॅनॅडेट हेही पुसणाऱ्यालाच अडवते! फरक एवढाच की पहिले विष सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरच्या खुणा पुसणाऱ्यांना अडवते, दुसरे टायरोसीनवरच्या खुणा पुसणाऱ्यांना. पुसणारे एक नव्हेत, अनेक आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी पाटी आहे.

विष हे बोथट हत्यार. त्याने एकाच वेळी अनेकांना लागते. म्हणून पुढे एकेक विकर वगळून जन्मलेल्या उंदरांवर अभ्यास झाले. त्यातले एक उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. बिंबाणूच्या आत 'सार्क' नावाचे एक कायनेज असते. त्याच्या शेपटीवर एक खूण असते, आणि ती आहे तोवर ते स्वतःभोवतीच गुरफटून निजलेले असते. येथे खूण म्हणजे कुलूप. ते कुलूप काढायचे तर कोणीतरी खूण पुसली पाहिजे. पीटीपी-वन-बी या फॉस्फेटेजचा अभाव असलेल्या उंदरांत हे कुलूप नीट निघत नाही, त्यांचे बिंबाणू फायब्रिनोजेनवर पसरत नाहीत आणि गुठळी मंदावते, असे २००५ मध्ये दिसून आले. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००९ मध्ये सीडी-१४८ या पेशीपटलावरच्या फॉस्फेटेजविषयी असेच सांगितले. झाडलोट करणारा म्हणून ज्याला दाराबाहेर उभे केले होते, त्याच्याच कंबरेला किल्ल्या निघाल्या.

आणि तरीही त्याला नुसता चालक म्हणून चालणार नाही. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात के. विनोद विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, मघाच्या मुठीसारख्या ग्राहीच्या आतल्या शेपटीशीच फॉस्फेटेज बिलगून बसलेले असते. त्यातले पीपी-टू-ए, म्हणजे आपल्या हिंग्यांच्या विषाचे लक्ष्य, ग्राहीच्या कामाला आवर घालते. ते कमी केले तर मूठ अधिक सहज उघडते, असा त्यांचा २००८चा निष्कर्ष. स्वस्थ वाहणारे बिंबाणू स्वस्थ राहतात तेही आपोआप नव्हे. रक्तवाहिनीचे निरोगी अस्तर प्रोस्टासायक्लीन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडत असते, त्यामुळे बिंबाणूच्या आत 'थांब' अशी खूण सतत उमटत असते. ती खूण पुसली गेली तर पुंजक्याची वाट मोकळी होते. तेव्हा उमटणे म्हणजे 'चल' आणि पुसणे म्हणजे 'थांब', हे सोपे समीकरण येथे लागू पडत नाही. वाक्यात 'न' असला तर तो पुसल्याने होकार होतो, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

निपाणी भागातल्या श्रोत्यांपुढे बोलताना तंबाखूचे नाव टाळणे बरे दिसणार नाही. या पिकावर येथले कित्येक संसार उभे राहिले, वखारींतून आणि विड्या वळून आयाबायांनी मुलांना शिकवले, आणि भावासाठी शेतकऱ्यांनी १९८१ साली रस्त्यावर ठाण मांडले. त्या कष्टांविषयी मला आदरच आहे. धुराविषयी मात्र तो नाही. धूम्रपान करणाऱ्यांचे बिंबाणू अधिक चिकट, अधिक उतावीळ असतात, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे, आणि हृदयविकाराच्या झटक्यामागे बहुतेक वेळा असाच एक अवेळी बांधलेला पुंजका असतो. विडीच्या धुरात ऑक्सिडीकारक द्रव्ये भरपूर असतात. टायरोसीनवरची खूण पुसणाऱ्या फॉस्फेटेजांच्या ऐन गाभ्यात सिस्टीन हे अमिनो आम्ल असते, आणि ऑक्सिडीकारकांपुढे तेच प्रथम मान टाकते. परव्हॅनॅडेट प्रयोगशाळेत करते तेही हेच. विडी सोडली तर दहा दिवसांत बिंबाणूंची सबंध पिढी बदलते, एवढी आशेची गोष्ट त्यात आहे.

औषधांविषयी थोडक्यात. हृदयरोग्याला रोज दिली जाणारी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची गोळी बिंबाणूंचे हाक देणारे एक विकर कायमचे निकामी करते. केंद्रक नसल्यामुळे बिंबाणू ते पुन्हा बनवू शकत नाही, म्हणून एवढीशी मात्रा पुरते. याचे मर्म सांगणाऱ्या जॉन व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. दुसरे एक औषध आपल्या घाटाखालून आल्यासारखेच आहे. कोकणच्या कातळावर सापडणाऱ्या फुरशाच्या जातीच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे छोटे प्रथिन असल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मघाची मूठच बंद करून टाकते. त्याचा घाट पुढे ठेवून रसायनज्ञांनी टायरोफिबॅन बनवले आणि १९९८ मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले. ही सारी औषधे हाकेला किंवा मुठीला अडवतात. पुसणाऱ्या हाताला नेमके धरून गुठळी टाळणारे औषध मात्र अजून दवाखान्यात आलेले नाही. कारण हीच फॉस्फेटेज यकृतात, मेंदूत, स्नायूंत सर्वत्र राबत असतात, आणि त्यांचे गाभे एकमेकांसारखे. एकाला धरू जावे तर घरातले दहा अडकतात.

शेवटी, ज्यांचा आकडा पूर्ण आणि रक्त थांबत नाही, त्या माणसांकडे येतो. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली हा विकार वर्णिला. या रुग्णांत बिंबाणू लाखांनी असतात, पण ती मूठच जन्मतः नसते किंवा अधू असते. आत कायनेज आणि फॉस्फेटेज आपापली कामे करायला तयार, पण धरायला हातच नाही. हिरड्यांतून रक्त, नाकाचा घुळणा फुटला तर तो न थांबणे, बारीकसारीक धक्क्याने अंगावर निळे डाग, आणि मुलगी वयात आली की पहिल्याच पाळीत जीवघेणा रक्तस्राव. जगात हा विकार अतिशय विरळ. पण जेथे नात्यात लग्ने होतात तेथे तो अधिक दिसतो, आणि दक्षिण भारत हा त्यांपैकी एक प्रदेश आहे. दोष आईकडून आणि बापाकडून असा दोन्हींकडून आला तरच विकार होतो. दोघेही नुसते वाहक असले तर त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. त्यांच्या प्रत्येक अपत्याला मात्र चारात एक अशी शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्या मराठी घरांत आहे, आणि शेजारच्या कन्नड घरांत मामा-भाचीचीही. या चालींवर टीका करायला मी येथे उभा नाही. जमिनी, माया आणि माणसे एकत्र राहावीत म्हणून त्या पडल्या. परंतु अशा घरातली मुलगी वारंवार रक्ताळते आणि 'प्लेटलेट तर भरपूर आहेत' म्हणून तिला अशक्तपणाच्या गोळ्या देऊन परत पाठवले जाते, किंवा बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला जातो, तेव्हा मधल्या काळात वर्षे जातात.

अशा मुलीच्या आईने डॉक्टरांना एक प्रश्न आपल्या भाषेत विचारावा: हिचे बिंबाणू एकमेकांना धरतात का? तो पाहण्याची बॉर्न यांच्या पद्धतीची तपासणी प्रत्येक गावात होत नाही; त्यासाठी मोठ्या शहरातल्या रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे लागते. तोवर तिला ताप-डोकेदुखीवर ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला आधी सांगावे. निदान झाले तर रक्त थांबवणारी औषधे आहेत, प्रसंगी दुसऱ्याचे बिंबाणू देता येतात, आणि अशा मुली शिकून संसारही करतात.

अध्यक्षांनी शंकासमाधानासाठी वेळ राखून ठेवला आहे. फळ्यावर मी मघाचे शब्द लिहून ठेवतो: बिंबाणू, ग्राही, कायनेज, फॉस्फेटेज. यांपैकी शेवटच्या दोघांसाठी कोणाला चांगले मराठी शब्द सुचले तर ते आताच सांगावेत.